तिघींचं एक उत्तर, हिचं वेगळं

ऐरोलीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अकरावीत आहे, काल एपी वर्ल्ड हिस्टरीचा पेपर देऊन आली (एपी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या, कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा). केंद्र मुंबईत होतं. ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर पकडेपर्यंत आणि पुढे गाडीतही चौघी मैत्रिणी उत्तरं जुळवत होत्या. सात ऑप्शनवाल्या प्रश्नांत तिघींचं उत्तर एक आणि हिचं वेगळं निघालं. मोठ्या निबंधात तर बाकीच्यांनी जी बाजू मांडली तिच्या बरोबर उलट हिने लिहिलंय. रात्री न जेवता झोपली. परवा दुसरा पेपर आहे, पण पुस्तक उघडत नाही. म्हणते, हिस्टरीचा स्कोर रद्दच करून टाकू. आईचा प्रश्न: ती म्हणते तसं करावं का, आणि एवढ्या फरकाचा अर्थ काय समजायचा?

ताई, आधी जे तातडीचं आहे ते सांगते. स्कोर रद्द करू नका. निकाल जुलैमध्ये लागतो. तो बघितल्यानंतरही नको वाटला तर रद्द करता येतो, आणि कॉलेजांना कुठला स्कोर कळवायचा ते बहुतेक ठिकाणी आपल्याच हातात असतं. मात्र एकदा रद्द केलेला स्कोर परत मिळत नाही. म्हणजे आज घाई करून हाती काहीच लागणार नाही, गेलं तर मात्र सगळंच जाईल. हे तिला आजच सांगा, म्हणजे निदान तो एक विचार डोक्यातून निघेल.

आता त्या सात प्रश्नांचा हिशेब करू. या परीक्षेत ऑप्शनवाले प्रश्न ५५, वेळ ५५ मिनिटं, आणि एकूण स्कोरमध्ये त्यांचा वाटा ४० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. समजा तिघी सातही ठिकाणी बरोबर आहेत आणि तुमची मुलगी सातही ठिकाणी चुकली. तरी शंभरातले जेमतेम पाच गुण गेले. शेवटचा स्कोर एक ते पाच या आकड्यांत मिळतो, आणि पाचपैकी पाच मिळवायला सगळं बरोबर यावं लागत नाही, त्याच्या आसपासही जावं लागत नाही. एका प्रवासात ऐकलेल्या सात उत्तरांवरून तिने सव्वातीन तासांच्या पेपरचा निकाल लावून टाकलाय, आणि तो हिशेबात बसत नाही.

पण मला त्या ‘समजा’बद्दलच जास्त बोलायचंय. तिघींचं एक आलं म्हणून तिघी बरोबर, हे आपण गृहीत कसं धरलं?

मी ठाण्यात बरीच वर्षं इतिहास शिकवते, आधी बोर्डाचा आणि गेली काही वर्षं एपीचाही. आपल्याकडे पेपर सुटला की शाळेच्या फाटकाशीच प्रश्नपत्रिका उघडून ‘तुझं काय आलं?’ सुरू होतं. मीही तसंच करत मोठी झाले. दहावीच्या पेपरात त्याला अर्थ असतो. रिकाम्या जागेत एकच शब्द बसतो, प्रश्नपत्रिका हातात असते, पुस्तक उघडलं की शंका मिटते. एपीत यातलं एकही नाही. परीक्षा लॅपटॉपवर ब्लूबुक ॲपमध्ये होते, प्रश्नपत्रिका घरी येत नाही, कच्च्या कामाचा कागदही तिथेच जमा करतात. गाडीत चौघी जुळवत होत्या ते चौघींना आठवत असलेले प्रश्न होते, आणि आठवणीत प्रश्नाचा नेमका तोच शब्द गळतो ज्याच्यावर उत्तर फिरतं. ‘सर्वात थेट कारण’ होतं की ‘सर्वात मोठा परिणाम’? ‘या उताऱ्याच्या आधारे’ होतं की नव्हतं? तीन तासांनंतर हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. ऑप्शनचा क्रमही नाही.

गेल्या वर्षी एक मॉक झाल्यावर घडलेली गोष्ट सांगते. प्रश्न मीच काढलेले, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. उतारा होता लिन झेशूच्या पत्राचा. अफूचा व्यापार बंद पाडायला चीनच्या सम्राटाने कँटनला पाठवलेला हा अधिकारी. त्याने १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरियाला उद्देशून पत्र लिहिलं. मी ऐकलंय की तुमच्या देशात अफू ओढायला सक्त मनाई आहे; मग जे तुम्ही आपल्या माणसांना करू देत नाही ते विष आमच्या माणसांना का विकता, असा त्याचा सवाल. प्रश्न होता, हे पत्र लिहिण्यामागचं सर्वात थेट कारण कोणतं. चार ऑप्शन: चिंग, म्हणजे तेव्हाच्या चिनी राजघराण्याच्या सरकारने युरोपियनांचा व्यापार कँटन या एकाच बंदरापुरता ठेवला होता; हिंदुस्थानातल्या अफूची विक्री वाढून चीनची चांदी बाहेर चालली होती; नानजिंगच्या तहाने चीनची बंदरं उघडली; तायपिंग बंडाने सरकार खिळखिळं झालं.

शेवटचे दोन तारखेवरच बाद होतात. तह १८४२ चा, बंड १८५० नंतरचं. पहिलं विधान मात्र शंभर टक्के खरं आहे. १७५७ पासून तसा नियमच होता. फक्त ते पत्राचं कारण नाही. पत्र अफूबद्दल आहे. उत्तर दुसरं.

मॉक संपल्यावर मी उत्तरपत्रिका गोळा केल्या नाहीत. मुलं वडापाव खायला खाली गेली, जिन्यात उभी राहून बोलली, वर आली. तेव्हा सांगितलं, कुणाला काही बदलायचं असेल तर निळ्या पेनाने बदला. एका मुलीने दुसऱ्या ऑप्शनवर काट मारली होती आणि शेजारी निळ्याने पहिला लिहिला होता. का बदललंस विचारलं तर म्हणाली, ‘टीचर, तिघांनी कँटन लिहिलंय आणि कँटनचं खरं आहे ना. माझ्याकडून तो मुद्दा सुटला.’ मुद्दा तिच्याकडून सुटला नव्हताच. तिने प्रश्न वाचून उत्तर दिलं होतं, तिघांनी धड्यात ओळखीचं दिसलं म्हणून. या परीक्षेचे ऑप्शन बांधलेलेच असे असतात: खरं असलेलं विधान आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, या दोन वेगळ्या गोष्टी. आणि जे विधान सगळ्यांना पाठ आहे त्याच्यावर बहुमत सहज जमतं. (त्या अफूपैकी माळव्यातली अफू आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जायची. हे वर्गात सांगितलं की मुलं ताठ बसतात.)

म्हणून तिघींचं एक आलं, याचा अर्थ तिघींना एकच गोष्ट आठवली, एवढाच निघतो. त्या बरोबर असतील, नसतीलही. गाडीत ते ठरवायला कुणाकडेही काही साधन नव्हतं. आणखी एक, चौघी एकाच क्लासला जात असतील तर तिघींची चूकसुद्धा एकाच वहीतून आलेली असू शकते.

आता निबंधाकडे येते. मला वाटतं तुमच्या मुलीला खरा धक्का तिथे बसलाय.

या परीक्षेत दोन निबंध असतात. एक सात कागदपत्रांवरचा, त्याला डीबीक्यू म्हणतात, एक तास, स्कोरमध्ये २५ टक्के. दुसरा कागदपत्रांशिवायचा, एलईक्यू, ४० मिनिटं, १५ टक्के. दोन्हीकडे ‘अमुक गोष्टीने किती प्रमाणात बदल झाला’ अशा धर्तीचं विचारतात. ‘किती प्रमाणात’ याचं उत्तर छापून ठेवलेलं नसतं. तपासणाऱ्यांपुढे रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे याचा तक्ता असतो, डीबीक्यूला सात गुणांचा आणि एलईक्यूला सहा गुणांचा, आणि त्यात अमुक बाजू घेतली तर गुण असं कुठेही लिहिलेलं नाही. दावा केलाय का आणि त्यामागे तर्क दिलाय का, त्याला एक गुण. त्या काळाच्या आजूबाजूच्या मोठ्या घडामोडींशी सांधा जोडलाय का, त्याला एक. बाकीचे गुण पुराव्याचे आणि विश्लेषणाचे.

वर्गात मी घेते तो प्रश्न बघा: १७५० ते १९०० या काळात औद्योगिक तंत्रज्ञानाने वसाहतींचं आर्थिक जीवन किती बदललं? याचा पुरावा शोधायला आमच्या मुलांना लांब जावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी आमच्याच ठाण्याला आली, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे.

एका मुलाने लिहिलं, फार बदललं. रेल्वे आली, १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी उभी राहिली, पुढे गिरण्या वाढल्या तशी रत्नागिरीकडची माणसं शेती सोडून गिरणगावात आली, गिरणीच्या भोंग्यावर जगायला लागली. महिन्याच्या पगारावर चालणारा कामगार हा नवाच वर्ग. दुसरीने लिहिलं, मुळात काहीच बदललं नाही. कच्चा माल बाहेर आणि पक्का माल आत, हे चाक तसंच राहिलं, फक्त वेगाने फिरायला लागलं. १८६५ मध्ये थळघाटातून रूळ वर गेले ते वऱ्हाड-खानदेशाचा कापूस बंदराला आणायला. अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला तेव्हा त्याची गरज सगळ्यांना दिसली. रेल्वेत पैसा घालणाऱ्या इंग्लंडमधल्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती, आणि ती भरली इथल्या महसुलातून.

दोघांचे दावे एकमेकांच्या उलटे. पुरावा बऱ्याच अंशी तोच. मी दोघांनाही दाव्याचा आणि पुराव्याचा पूर्ण गुण दिला, आणि रुब्रिक हातात असलेल्या कुणालाही तेच करावं लागेल. हे दोघं जर गाडीत भेटले असते तर एकाने घरी जाऊन रडायचं ठरवलं असतं! तेव्हा तुमच्या मुलीने उलट बाजू घेतली यावरून तिचा निबंध वाईट झाला असं कळत नाही, चांगला झाला असंही कळत नाही. तिला विचारायचं असेल तर वेगळं विचारा: तुझ्या दाव्यात ‘कारण’ हा शब्द होता का? कागदपत्रातलं वाक्य नुसतं उतरवलंस, की ते तुझ्या दाव्याला कसं धरून आहे हे सांगितलंस? निदान चार कागदपत्रं दाव्याच्या कामाला लावलीस का? त्यांच्याबाहेरचा एक तरी नेमका पुरावा दिलास का?

यातली मुलांना सर्वात अवघड जाणारी जागा लिन झेशूच्याच पत्रावर दाखवते. डीबीक्यूत निदान दोन कागदपत्रांबद्दल सांगावं लागतं की ते कुणी, कुणासाठी, कशासाठी लिहिलंय, आणि त्याने काय फरक पडतो. मुलं लिहितात, ‘लिन झेशू चिनी होता म्हणून तो पक्षपाती आहे.’ याला गुण नाही. दरवर्षी किती मुलं एवढ्यावर थांबतात ते पाहून मला वाईट वाटतं, कारण पुढचं त्यांना येत असतं. एक पाऊल पुढे टाकलं की गुण मिळतो: हा माणूस व्यापाऱ्यांशी बोलत नाही, थेट राणीला उद्देशून लिहितोय. व्यापाऱ्यांना त्याने कँटनमध्ये कोंडलं होतं, त्यांच्या अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या होत्या. राणीवर त्याची सत्ता चालत नाही, म्हणून तो नीतीची भाषा वापरतो. म्हणजे या पत्रातल्या नीतीच्या भाषेवरून अख्ख्या चिंग धोरणाचा अंदाज बांधता येत नाही. गाडीत ‘मी अफूबद्दल लिहिलं’, ‘मीपण’ असं जुळलं असतं, आणि एकीला गुण मिळाला, दुसरीला नाही, हे चौघींपैकी कुणालाही कळलं नसतं.

तारखेची चूक, नावाची चूक, यांनीही मुलं धीर सोडतात. ‘मी १४५३ ऐवजी १४३५ लिहिलं, कॉन्स्टँटिनोपलचा पूर्ण प्रश्न गेला.’ नाही गेला. वेळेच्या दडपणाखाली लिहिलेला हा पहिला खर्डा आहे हे तपासणाऱ्यांना सांगितलेलं असतं. मुख्य मुद्दा ज्या माहितीवर उभा आहे ती बरोबर असेल तर बाजूच्या चुकीने गुण जात नाही. तीन छोट्या प्रश्नांचं, म्हणजे एसएक्यूचं, हेच. तिथे प्रत्येक उपप्रश्नाला एक गुण, आणि एकाच उपप्रश्नाची अनेक उत्तरं चालतात.

आता थोडं कठीण बोलते, राग मानू नका. चौघींनी गाडीत जे केलं ते नियमात बसत नाही. ऑप्शनवाल्या प्रश्नांबद्दल परीक्षेनंतर कधीच बोलायचं नाही, मैत्रिणीशी नाही, क्लासच्या सरांशी नाही, घरीही नाही. लेखी प्रश्नांबद्दल बोलायचं ते कॉलेज बोर्डाने ते प्रश्न स्वतः जाहीर केल्यावर. साधारण दोन दिवसांनी करतात. आणि तिच्या पेपरातला प्रश्न जाहीर झालेल्यांत नसेल तर त्याबद्दलही गप्प राहायचं. मोडलं तर स्कोर रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांना मनाई होऊ शकते. तुम्ही मला ते सात प्रश्न लिहून पाठवले नाहीत ते फार बरं केलंत. पाठवले असते तर मी वाचले नसते. गाडीतलं बोलणं होऊन गेलं, त्याची भीती आता तिच्या डोक्यावर घालू नका. पण ग्रुपवर एकही ओळ टाकू नये, कुणी टाकली तर उत्तर देऊ नये, हे आज स्पष्ट सांगा. हे प्रश्न पुन्हा वापरले जाऊ शकतात, काही मुलांची परीक्षा अजून बाकी असू शकते.

त्यातच आणखी एक गोष्ट. नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये कुणी चुलत-मावस भावंड हीच परीक्षा देत असतं आणि रात्री त्याचा फोन येतो. त्याच्याशी जुळवायला जाणं तर पूर्णच फुकट. एकाच परीक्षेचे वेगवेगळे पेपर निघतात, अमेरिकेबाहेर वेगळा असू शकतो. पेपर सोपा-अवघड असेल त्याप्रमाणे पाचाची, चाराची रेष ठरवली जाते. ‘त्याला सोपा गेला’ याचा तुमच्या मुलीच्या स्कोरशी संबंध नाही.

मग उत्तरं जुळवूच नयेत का? माझं असं म्हणणं नाही. एकत्र बसून उत्तरं ताडून पाहणं ही इतिहास शिकण्याची उत्तम रीत आहे, माझा निम्मा वर्ग त्यावर चालतो. फक्त तेव्हा समोर कागद लागतो आणि कौल मोजायचा नसतो. मी मुलांना जोडीने बसवते आणि ‘काय लिहिलंस’ हा प्रश्न विचारू देत नाही. ‘उताऱ्यातल्या कुठल्या शब्दावरून ठरवलंस’ हा विचारायचा. कँटनवाल्या तिघांना मी हेच विचारलं. एकालाही शब्द दाखवता आला नाही. मग त्या मुलीला विचारलं. तिने ‘विष’ या शब्दावर बोट ठेवलं, आणि तिघांचे चेहरे बदललेले मला आजही दिसतात.

परीक्षा नुकतीच देऊन आलेल्या मुलीला मात्र हे आज लगेच करायला सांगू नका. परवा पेपर आहे. आज तिला हिस्टरीबद्दल काहीही विचारू नका, ‘किती पडतील’ तर नाहीच. आपण काळजीने विचारतो, पण तिला तो पुन्हा गाडीतला कौल वाटेल. वरचा पाच गुणांचा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगू नका. मुलांना आईने समजूत काढलेली पटत नाही, आकडा पटतो. मग जेवण, झोप, आणि उद्या सकाळी दुसऱ्या विषयाची जुनी लेखी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, एकटीने.

सगळे पेपर संपल्यावर, मनात अजूनही रुतून बसलं असेल तर, कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे डीबीक्यू आहेत. त्यांच्यासोबत खऱ्या विद्यार्थ्यांचे निबंध आहेत, पूर्ण गुणांचे, मधले आणि कमी गुणांचे, आणि प्रत्येकाला कुठला गुण का मिळाला किंवा का गेला ते खाली लिहिलेलं आहे. चौघींनी मिळून त्यातले तीन निबंध घ्यावेत, शेरे झाकून रुब्रिकने तपासावेत, मग शेरे उघडून बघावेत. वाटलं तर मलाही बोलवा. शनिवारी दुपारी माझा वर्ग रिकामा असतो, फळाही मोठा आहे.